चहा-बिस्किटाचा हिशेब

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या दवाखान्यात नियमाने येणारे एक निवृत्त गुरुजी तपासणीचा कागद घेऊन आले. मधुमेहाला दहा वर्षे झालेली. गोळ्या वेळच्या वेळी, सकाळचे फिरणे चालू, भात निम्म्यावर आणलेला, आंबा तर दोन उन्हाळे चाखलाही नाही. तरी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा खाली येण्याऐवजी वर चढलेला. गुरुजी हिरमुसले होते.

मी विचारले, "गुरुजी, चहाबरोबर काय घेता?"

"काही नाही हो. दोन बिस्किटे. तीही साधी, क्रीमची नाहीत."

शेजारी बसलेल्या वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मोठा पुडा दोन दिवसांत संपतो. घरात आम्ही दोघेच. आणि मी बिस्कीट खात नाही."

मग आम्ही हिशेब मांडला. चहा दिवसातून चार वेळा. प्रत्येक वेळी तीन-चार बिस्किटे. म्हणजे दिवसाला चौदा. चहाबरोबरचे साधे गोल बिस्कीट साधारण सहा ग्रॅमचे असते. चौदांचे झाले ८० ग्रॅमच्या वर. अशा १०० ग्रॅम बिस्किटांत सुमारे ४५० उष्मांक असतात. म्हणजे गुरुजींच्या पोटात रोज ३५० च्या वर उष्मांक जात होते. ३० ग्रॅम कणकेच्या, तेल न लावलेल्या पोळीचे उष्मांक साधारण १०० धरले, तर ही साडेतीन पोळ्यांची भर झाली. गुरुजी जेवणात एक पोळी कमी करून चहात साडेतीन पोळ्या बुडवून खात होते!

जाताना वहिनींनी विचारले, "मग घरी केलेली बिस्किटे चालतील का?" हा प्रश्न अनेक घरांतून येतो, म्हणून आज त्याचे उत्तर सविस्तर देत आहे.

बिस्कीट 'हलके' का वाटते?

आपल्याकडे बिस्कीट हा आजाऱ्याचा आहार समजला जातो. ताप आला की चहा-बिस्कीट, दवाखान्यात भेटायला जाताना बिस्किटाचा पुडा. ते कोरडे असते, तोंडात विरघळते, म्हणून पचायला हलके वाटते. प्रत्यक्षात बहुतेक बिस्किटे मैदा, साखर आणि तूप किंवा तेल या तीनच गोष्टींची बनलेली असतात. मैदा तयार करताना गव्हावरचा कोंडा आणि आतला अंकुर काढून टाकतात. त्याबरोबर तंतुमय पदार्थ, लोह आणि बरीच जीवनसत्त्वे जातात. उरतो तो मुख्यतः पिष्टमय भाग, आणि त्याची शरीरात लवकर साखर होते.

'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटांचेही तसेच. वरून घातलेली साखर नसेल, पण पिठापासून होणारी साखर कोठे जाते? खारी गोड नसते म्हणून मधुमेही ती निर्धास्त खातात. पण तिचे पापुद्रे सुटतात ते थरांमध्ये घातलेल्या स्निग्ध पदार्थामुळेच. शिवाय तिच्यातले मीठ रक्तदाबवाल्यांना नको.

वनस्पती तुपाचे काय?

माझ्या लहानपणी, १९८० च्या आसपास, मे महिन्याच्या सुट्टीत घरोघरच्या बायका मैदा, रवा, साखर आणि वनस्पती तुपाचा डबा घेऊन बेकरीत जात. भट्टीसमोर नंबर लावावा लागे. संध्याकाळी पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी येई. काही गावांत ही पद्धत आजही आहे.

त्या काळी वनस्पती तुपात दडलेला दोष कोणाच्या लक्षात आला नव्हता. पातळ तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट केले की वनस्पती तूप होते. या क्रियेत ट्रान्स फॅट नावाचा स्निग्धांश तयार होतो. तो रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगले कमी करतो. त्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून तेला-तुपातील ट्रान्स फॅटची कमाल मर्यादा तीन टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के करण्यात आली. हा चांगला बदल आहे. मात्र त्याऐवजी पुष्कळ ठिकाणी पामतेल वापरतात आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग संपृक्त स्निग्धांशाचा असतो.

पुड्यावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. पहिली तीन नावे वाचली तरी बरेच कळते. सुट्या बिस्किटांवर मात्र काहीच छापलेले नसते. घरी करण्याचा खरा फायदा येथे आहे. काय घातले आणि किती घातले, हे आपल्याला ठाऊक असते.

घरची नानकटाई

साहित्य : कणीक ११० ग्रॅम, बेसन ४० ग्रॅम, घट्ट साजूक तूप ७५ ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, पाव चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची पूड. घरात काटा नसेल तर लहान वाटीने दीड वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, शीग लावून अर्धी वाटी तूप आणि पाऊण वाटी पिठीसाखर घ्यावी.

तूप वितळवू नये. थिजलेले तूप परातीत घेऊन तळहाताने पांढरे व हलके होईपर्यंत फेसावे. त्यात पिठीसाखर घालून पुन्हा फेसावे. फेसताना तुपात हवा कोंडली जाते आणि त्याच हवेने नानकटाई खुसखुशीत होते. कणीक, बेसन, मीठ आणि बेकिंग पावडर दोनदा चाळून त्यात मिसळावी. गोळा हलक्या हाताने एकत्र करावा, पोळीच्या कणकेसारखा तिंबू नये. तिंबल्याने गव्हातला चिकटपणा वाढतो आणि बिस्किटे कडक होतात. गोळा कोरडा वाटलाच तर चमचाभर दूध घालावे. पंधरा मिनिटे झाकून ठेवून त्याचे सारखे वीस गोळे करावेत, थोडे चपटे करावेत आणि तूप लावलेल्या ताटलीत अंतर ठेवून मांडावेत, कारण भाजताना ते पसरतात.

ओव्हन असेल तर १६० ते १७० अंशांवर साधारण पंधरा ते अठरा मिनिटे लागतात. नसेल तर जाड बुडाच्या जुन्या कढईत दोन वाट्या जाडे मीठ पसरून त्यावर लहान तिवई ठेवावी, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. मग ताटली आत ठेवून झाकावे आणि मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. नॉनस्टिक भांडे अशा रिकाम्या तापवण्यासाठी वापरू नये. कुकरचे झाकण घट्ट लावून त्यात भाजण्याचा प्रयोगही करू नये. कडा तांबूस झाल्या की बिस्किटे काढावीत. गरम असताना ती मऊ लागतात आणि कच्ची राहिली असे वाटते. निवल्यावर ती घट्ट होतात. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावीत. दहा-बारा दिवसांत संपवावीत आणि खवट वास आला तर टाकून द्यावीत.

साखर यापेक्षा कमी केली तरी चालते. तूप मात्र फार कमी केले तर नानकटाई दगडासारखी होते. निम्म्या कणकेऐवजी नाचणीचे पीठ घालता येते. नाचणीत कॅल्शियम चांगले असते. साखरेऐवजी गूळ घातल्याने मात्र मधुमेह्याला काही सवलत मिळत नाही.

आता हिशेब

वरच्या साहित्याचे एकूण उष्मांक सुमारे १,४३० होतात. वीस भाग केले तर एका नानकटाईत सुमारे ७० उष्मांक, तीन ग्रॅम साखर आणि पाऊण चहाचा चमचा तूप येते. तीन नानकटाया खाल्ल्या की दोन पोळ्या झाल्या. घरची, साजूक तुपातली आणि कणकेची असली तरी हे आकडे बदलत नाहीत. साजूक तुपातही निम्म्याहून जास्त भाग संपृक्त स्निग्धांशाचाच असतो.

त्यात चहातली साखर वेगळी. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला २,००० उष्मांक घेणाऱ्याने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या. म्हणजे बिस्कीट तोंडात जाण्यापूर्वीच आपली बरीचशी मर्यादा चहाने संपवलेली असते.

निरोगी माणसाने दिवसाला दोन नानकटाया खाण्यास हरकत नाही. मधुमेह्याने एक खावी, ती रोज नव्हे, आणि तेवढे जेवण कमी करावे. एरवी चहाबरोबर मूठभर फुटाणे, भाजलेले शेंगदाणे किंवा साध्या ज्वारीच्या लाह्या बऱ्या.

तीन गोष्टी लक्षात ठेवा

पहिली. मधुमेह्याची साखर अचानक उतरली, घाम व थरथर सुटली, तर बिस्कीट देत बसू नका. त्यातले तूप-तेल पचनाचा वेग कमी करते. रोगी शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

दुसरी. तान्ह्या बाळाला बिस्कीट पाण्यात किंवा चहात कालवून भरवण्याची सवय सोडा. बाळाचे पोट भरते, रडे थांबते, पण अंगाला काही लागत नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाच्या जोडीने मऊ वरण-भात-तूप, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे द्यावे.

तिसरी. अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रियांनी जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नये. चहामुळे लोह कमी शोषले जाते. दोन्हींत निदान एक तासाचे अंतर असावे. दुपारचे जेवण टाळून चहा-बिस्किटावर वेळ मारून नेणाऱ्या भगिनी मला रोज भेटतात. त्यांच्यासाठी हे खास सांगणे आहे.

गुरुजींचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. वहिनींनी नानकटाया केल्या. डबा फडताळात वरच्या फळीवर गेला. दर रविवारी आणि गुरुवारी सकाळच्या चहाबरोबर गुरुजींच्या बशीत एक नानकटाई येते. बिस्किटांचा पुडा आणणे बंद झाले. चार कपांचे दोन कप झाले, तेही बिनसाखरेचे. तीन महिन्यांनी तपासणी केली. आकडा अगदी हवा तेथे आलेला नाही, पण चांगलाच उतरला आहे आणि मला गोळी वाढवावी लागली नाही. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, पूर्वी चौदा खात होतो तेव्हा बिस्किटाची चव काय ते कळत नव्हते. आता गुरुवारची वाट बघतो."

आपल्या घरातला बिस्किटाचा पुडा किती दिवसांत संपतो, एवढे या आठवड्यात मोजून पाहा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा तो आकडा त्यांना जरूर सांगा.