पिसतारा : टाकीत देखणा, पण उपाशी

गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही घरात समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवण्याची हौस वाढली आहे. गप्पी आणि गोल्डफिशपासून सुरुवात करणारे हळूहळू खाऱ्या पाण्याकडे आणि मग प्रवाळांकडे वळतात. अशा वेळी दुकानात कधीतरी पिसांसारख्या हातांचा, लाल, पिवळा किंवा काळा-पांढरा एक प्राणी नजरेस पडतो. इंग्रजीत त्याला ‘फेदर स्टार’ म्हणतात. आपण त्याला पिसतारा म्हणू. ‘काका, हा घ्यावा का?’ असे मंडळातील तरुण मंडळी विचारतात. माझे उत्तर ‘नको’ असेच आहे. मात्र त्यामागचे कारणही समजून घ्यायला हवे.

पिसतारा फुलासारखा दिसला तरी तो प्राणी आहे. तारामासा, सी अर्चिन आणि समुद्रकाकडी हे त्याचे भाऊबंद. त्याच्या गटाला क्रिनॉइड म्हणतात. या गटाचे सुमारे ४८ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडतात, म्हणजे डायनोसॉरच्याही कितीतरी आधीचे हे घराणे. याच गटातील सी लिली जन्मभर देठावर उभी असते. पिसताराही लहानपणी देठावरच असतो आणि पुढे देठ सोडून मोकळा होतो. जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी शल्यचिकित्सकाने १८२७ साली आयर्लंडमधील कॉर्कजवळ सापडलेल्या एका चिमुकल्या, देठ असलेल्या प्राण्याचे वर्णन केले. तो वेगळा प्राणी नसून पिसताऱ्याचेच पिल्लू आहे, हे पुढे १८३६ मध्ये त्यानेच दाखवून दिले.

आता मुख्य प्रश्न जेवणाचा. पिसताऱ्याचे तोंड वरच्या बाजूला असते. हात बहुधा दहा किंवा त्याहून अधिक, काही जातींत शंभराच्याही पुढे. खालच्या आकड्यांनी तो खडक धरून बसतो आणि हात प्रवाहात पसरतो. हातांवरच्या पिसांना बारीक नळीसारखे पाय असतात. वाहत येणारे सूक्ष्म जीव आणि कण ते पकडतात व हाताच्या मधल्या पन्हळीत टाकतात. तिथून ते चिकट स्रावात गुंडाळून तोंडापर्यंत पोचवले जातात. घास अगदी बारीक, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. शिकारीमागे धावणे किंवा तळावरचे उष्टे वेचणे हा त्याचा मार्ग नव्हे. प्रवाहाने आणून दिले तरच त्याचे पोट भरते. प्रवाळ-खडकांवर पाणी अखंड वाहत असते, त्यामुळे समुद्रात त्याचे भागते.

घरच्या टाकीची व्यवस्था नेमकी याच्या उलट असते. प्रवाळांना स्वच्छ पाणी लागते, म्हणून आपण प्रोटीन स्किमर आणि फिल्टर लावून तरंगणारे कण काढून टाकतो. आपल्या दृष्टीने जो गाळ, तोच पिसताऱ्याचा डबा. बरे, खाद्य वाढवावे, तर न खाल्लेले खाद्य कुजून नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतात, शेवाळ माजते, प्रवाळ आजारी पडतात. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाद्य टाकूनही भागत नाही, कारण ते काही मिनिटांत फिल्टरमध्ये जाते आणि पिसताऱ्याला तर तासन्‌तास थोडे थोडे हवे असते. शिवाय अनेक जाती दिवसा फटीत लपतात आणि रात्री हात पसरतात. जेवण आपल्या सवडीच्या वेळी, भूक त्याच्या वेळी.

बँकेतल्या भाषेत सांगायचे तर खात्यात जमा काहीच नाही आणि रोजचा खर्च चालू. शिल्लक असेपर्यंत खाते सुरळीत दिसते. पिसताऱ्याच्या अंगात मांस थोडे, सांगाडा जास्त आणि खर्चही बेताचा. त्यामुळे उपासमार लगेच कळत नाही. आठवडे जातात, रंग तसाच असतो, घरचे कौतुक करतात. मग हातांची टोके गळू लागतात. निसर्गात तुटलेला हात पुन्हा फुटतो, पण त्यालाही अन्न लागतेच. टाकीत गळती भरून निघत नाही आणि बहुतेक पिसतारे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपतात. पंपात अडकून हात तुटणे, माशांनी टोचणे ही संकटे वेगळीच.

त्याला जगवायचेच असेल तर एकट्यासाठी वेगळी टाकी, सौम्य पण अखंड प्रवाह, रात्रंदिवस थेंबाथेंबाने जिवंत प्लवक सोडणारी यंत्रणा आणि त्या प्रमाणात पाणी बदलण्याची तयारी हवी. एवढे करूनही खात्री नाही. नोकरी-व्यवसाय सांभाळून हौस करणाऱ्याला हे झेपणारे नाही.

दुकानदार ‘सोपा आहे, प्रवाळांचेच खाद्य चालते’ म्हणाला, तर जात कोणती, दुकानात किती दिवसांपासून आहे आणि काय खातो, हे तीन प्रश्न विचारा. आकर्षण हातांच्या हालचालीचे असेल, तर ब्रिटल स्टार बघा. तो तळावरचे उरलेसुरले खाऊन मजेत राहतो. फक्त मोठी हिरवी जात टाळा, ती रात्री लहान मासे पकडते. लाटेसारखी उघडझाप हवी असेल, तर झेनिया हा मऊ प्रवाळ आहे. त्याचे बरेचसे पोट प्रकाशावर भरते.

पिसतारा मात्र समुद्रातच राहू द्यावा. आपण विकत घेतला नाही, तर दुकानदारही पुढच्या वेळी मागवताना विचार करील.