‘पळून गेली असेल’ म्हणण्याआधी

लिसा ज्युएल या ब्रिटिश लेखिकेची ‘देन शी वॉज गॉन’ ही कादंबरी 2017 मध्ये आली. लंडनमधली एली मॅक ही पंधरा वर्षांची हुशार, हसरी मुलगी, तीन भावंडांत धाकटी आणि आईची सगळ्यात लाडकी. परीक्षा तोंडावर आलेली असते. वाचनालयात अभ्यासाला जाते म्हणून ती घरातून निघते आणि परत येत नाही. काही वर्षांनी त्याच घरातून चार वस्तू चोरीला जातात, पण दार फोडलेलं नसतं. पोलिसांना वाटतं, मुलगीच येऊन घेऊन गेली, म्हणजे ती मुळात स्वतःहून पळालेली. शोध थंडावतो. आई लॉरेल मात्र दहा वर्षं त्याच एका दिवसात अडकून राहते.

चाकूरच्या काही वाचक मैत्रिणींना मी ही गोष्ट सविस्तर सांगितली. कुणी शिक्षिका, कुणी अंगणवाडी सेविका, कुणी घर आणि शेत सांभाळणारी. निम्म्यावर आले तोच एक म्हणाली, “कुणाबरोबर तरी गेली असंल पोरगी.” दुसरीने आईलाच धरलं, “मायचं ध्यान कुठं होतं?” कोपऱ्यात बसलेल्या एक वयस्कर मावशी तेवढ्या बोलल्या, “पोरगी गेली म्हटलं की आधी माय कुठं चुकली तेच बघतेत लोकं. पोरगी कुठं हाय, ते कुणी बघत नाही.”

या कादंबरीच्या इंग्रजी वाचकांचीही प्रतिक्रिया फार वेगळी नाही. गुन्हेगार लवकरच ओळखला, असं सांगणारे पुष्कळ आहेत, तरी पुस्तक खाली ठेववलं नाही, असंही तेच सांगतात. थोरल्या मुलीशी कोरडं वागणाऱ्या लॉरेलवर अनेक जण चिडतात. गुपित सांगायला हरकत नाही, कारण लेखिका स्वतःच ते पुस्तक संपायच्या पुष्कळ आधी उघड करते. एलीला नेणारी बाई म्हणजे तिची गणिताची शिकवणी घेणारी शिक्षिका. घरात येणारी, चहा घेणारी, आईनेच नेमलेली.

आपल्याकडची रहस्यकथा वेगळ्या वाटेने गेली. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप यांच्यावर दोन पिढ्या पोसल्या. नाईक मूळचे गोव्याचे, पण पत्रकारितेच्या निमित्ताने लातुरात राहिले. त्यांच्या नावावर हजाराहून अधिक कथा-कादंबऱ्या आहेत. 2022 मध्ये ते गेले. त्या पुस्तकांत गुन्हेगार बाहेरचा असे, त्याला गाठणारा नायक असे, आणि शेवटच्या पानावर वाचक निवांत झोपी जाई. मानसशास्त्रीय थरारकथा तशी झोप लागू देत नाही. तिच्यात नायक नसतो. गुन्हा ओळखीच्या माणसांतच घडतो आणि वाचक पानोपानी घरच्यांचीच उलटतपासणी घेत राहतो. या उलटतपासणीची सवय आपल्याला पुस्तकाबाहेरही आहे, आणि तिथे ती फार महागात पडते.

जिल्हा पानावरची एक ओळ आपण नेहमी वाचतो: अल्पवयीन मुलीस अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले. ती वाचून पुष्कळ जण हसतात, सगळ्यांना सगळं माहीत असल्यासारखं. ती ओळ अशी का लिहिली जाते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी सांगितलं, की मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलं किंवा तस्करीला बळी पडलं असं गृहीत धरायचं आणि गुन्हा नोंदवायचा. म्हणून अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी नुसती ‘मिसिंग’ नोंद पुरत नाही, अपहरणाचाच गुन्हा दाखल व्हावा लागतो. पूर्वी तो भारतीय दंड विधानाच्या कलम 363 खाली होई, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 137 खाली होतो. मुलगी आपल्या पायांनी गेली असली तरी कायद्याच्या लेखी तिची संमती ही संमती नाही. लंडनच्या कादंबरीतले पोलीस जो तर्क करून थांबले, तो तर्क करायची मुभा आपल्या कायद्याने ठेवलेलीच नाही. मला हा निकाल फार मोठा वाटतो.

तरीही वेळ जातो, आणि तो बहुतेकदा घरातच जातो. आधी मामाकडे फोन, मग मैत्रिणीकडे, मग “सकाळपर्यंत वाट बघू, चार लोकांत नाव निघंल.” चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत, हा समज सिनेमांनी पसरवला. असा नियम नाही.

आणि चाकूर तालुक्यात एक रात्र म्हणजे थोडा वेळ नव्हे. लातूर रोड जंक्शन याच तालुक्यात आहे. तिथून परळीकडे, लातूरकडे आणि उदगीर-बिदरकडे गाड्या सुटतात. लातूर-नांदेड रस्ता गावाला लागूनच आहे. सकाळ होईतो मुलगी दुसऱ्या राज्यात पोचलेली असू शकते. शिवाय आपल्या मुली लहान वयात घराबाहेर पडतात. शिकवणीसाठी पस्तीसेक किलोमीटरवरच्या लातुरात खोली करून राहणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुली इथल्या कितीतरी घरांत आहेत. त्यांच्या रोजच्या वाटेवर कोण भेटतं, कुणाशी त्या बोलतात, कुणाच्या शिकवणीला जायचं त्यांनी एकाएकी का सोडलं, हे घरी कळायला उशीर होतो. एलीनेही ती शिकवणी मध्येच सोडली होती. कारण खोलात जाऊन कुणी विचारलं नाही.

घर सोडणारी प्रत्येक मुलगी प्रेमासाठी जात नाही. कुणाला निकालाची धास्ती असते, कुणाचा मोबाईलवरून मार खाऊन झालेला असतो, कुणाचं लग्न ठरवलेलं असतं आणि तिला शिकायचं असतं. लोक ‘पळून गेली’ म्हणून मोकळे होतात, तेव्हा ही कारणं तपासायची राहून जातात. सापडलेल्या मुलीला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर उभं करायचं असतं, ते तिचं म्हणणं ऐकण्यासाठीच. घरी परतणं तिच्या जिवावर बेतणार असेल, तर ते तिथे तिला सांगता येतं.

मुलगी चार महिन्यांत सापडली नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यावा, असं 2016 चे बालन्याय नियम सांगतात. ही गोष्ट पालकांनी स्वतः लक्षात ठेवून मागायला हवी.

मुलगी ठरल्या वेळी घरी आली नाही, तर 112 किंवा 1098 वर लगेच फोन करा. जवळच्या कोणत्याही ठाण्यात जा. हद्द आमची नाही, या कारणावरून कुणी तुम्हाला परत पाठवू शकत नाही. ताजा फोटो, जन्मतारखेचा दाखला आणि अंगावरच्या कपड्यांचं वर्णन सोबत न्या. गुन्हा नोंदवल्याची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. ती हातात पडल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.