केस प्रत्यारोपणानंतरचे पहिले महिने: गैरसमज आणि वस्तुस्थिती

केस प्रत्यारोपण करून घेतलेल्या अनेकांना खरा धक्का बसतो तो तिसऱ्या आठवड्यात. खपल्या गेलेल्या असतात, रोवलेले केस छान दिसू लागलेले असतात आणि अचानक तेच केस उशीवर, टॉवेलवर, न्हाणीघराच्या फरशीवर सापडायला लागतात. पैसे पाण्यात गेले असे वाटून माणूस खचतो. कुणी डॉक्टर बदलतो, कुणी ओळखीच्याने सांगितलेले तेल चोळू लागतो. वास्तविक या काळात डोक्यावर जे घडते, ते बहुतांशी अपेक्षितच असते. ते आधी समजून घेतले तर नाहक भीती टळते आणि ज्या लक्षणांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, तीही वेळीच ओळखता येतात.

गैरसमज: रोवलेले केस गळले म्हणजे शस्त्रक्रिया फसली.

वस्तुस्थिती: शस्त्रक्रियेत महत्त्व असते ते केसाच्या मुळाला. डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातून एक ते चार केसांची मुळे असलेला त्वचेचा इवलासा भाग काढतात आणि विरळ जागी बसवतात. यालाच ग्राफ्ट म्हणतात. या खटाटोपात मुळाचा रक्तपुरवठा काही काळ तुटतो. त्या ताणाने मूळ वाढ थांबवते, विश्रांतीच्या अवस्थेत जाते आणि वर दिसणारा केस सोडून देते. ही गळती साधारणपणे दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात होते आणि रोवलेल्यांपैकी बहुतेक केस त्यात जातात. गळलेल्या केसाच्या टोकाशी पांढुरका ठिपका दिसला की मूळच उपटून आले असे वाटते. तो केसाचाच खालचा भाग असतो, मूळ त्वचेखाली शाबूत राहते. ग्राफ्ट खरोखर निघाला तर तो पहिल्या काही दिवसांत निघतो आणि त्या जागी बहुधा रक्त येते.

गैरसमज: महिनाभर डोक्याला पाणी लावायचे नाही, नाहीतर ग्राफ्ट निघतात.

वस्तुस्थिती: पहिल्या दोन-तीन दिवसांत ग्राफ्ट आजूबाजूच्या द्रवावर जगतो. मग त्याच्याशी रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि तो पक्का होत जातो. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट बर्नस्टाइन आणि डॉ. विल्यम रासमन यांनी 2006 मध्ये याची पाहणी प्रसिद्ध केली. सहाव्या दिवसानंतर केस ओढल्याने ग्राफ्ट निघत नव्हता. घट्ट चिकटलेली खपली ओढल्यास मात्र धोका आठव्या दिवसापर्यंत होता, नवव्या दिवसानंतर तोही उरला नाही. म्हणून सुरुवातीला खपल्या खरवडू नयेत, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून हलक्या हाताने डोके धुवावे. तसे धुतले की खपल्या मऊ पडून साधारण सात ते चौदा दिवसांत आपोआप गळतात. हेल्मेट कधीपासून घालायचे हे डॉक्टरांना विचारा आणि तोवर दुचाकी घरीच ठेवा. केस वाचवण्यासाठी बिनहेल्मेटचे फिरणे हा फार महागाचा सौदा आहे.

गैरसमज: कपाळ आणि डोळे सुजले म्हणजे जंतुसंसर्ग झाला.

वस्तुस्थिती: भूल देताना टाळूत टोचलेला द्रव आणि जखमेची सूज हळूहळू खाली उतरते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान कपाळ किंवा पापण्या सुजल्या तर ती सूज बहुधा आपोआप ओसरते. उशा रचून डोके उंच ठेवून झोपल्याने फायदा होतो. टाळूचा काही भाग बधिर वाटणे हेही नेहमीचे आहे, पूर्ण संवेदना परतायला काही महिने लागू शकतात. मात्र वेदना दिवसागणिक वाढणे, पू येणे, दुर्गंधी, ताप किंवा त्वचा काळी पडू लागणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. अशा वेळी घरगुती लेप लावत बसू नये.

गैरसमज: तेलाने रोज मालिश केली किंवा दोनदा गुळगुळीत हजामत केली की केस लवकर आणि दाट येतात.

वस्तुस्थिती: विश्रांतीत गेलेले मूळ साधारण तीन महिने शांत असते. मालिशने ते लवकर जागे होत नाही, उलट सुरुवातीच्या दिवसांत चोळण्याने ग्राफ्टला इजा होते. त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो, त्यामुळे तो कापल्याची खबर मुळापर्यंत पोचतच नाही. हजामतीनंतर बोथट टोके हाताला राठ लागतात, म्हणून केस दाट झाल्याचा भास होतो.

नवे केस साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोकावतात. आधी ते बारीक, फिकट, कधी कुरळे असतात. त्वचा भेदून येताना बारीक फोड येऊ शकतात. ते फोडू नयेत आणि वाढले तर दाखवावेत. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे सहाव्या महिन्यात फरक दिसला तरी भरगच्चपणा यायला वर्ष लागते. माथ्यावरच्या भोवऱ्याकडे तर दीड वर्षही लागू शकते.

गैरसमज: जवळचे मूळचे केसही गळले, म्हणजे डॉक्टरांनी ते खराब केले.

वस्तुस्थिती: शस्त्रक्रियेच्या ताणाने आजूबाजूचे, तसेच ग्राफ्ट जिथून काढले त्या भागातले केसही काही काळ गळू शकतात. सुदृढ मुळांतून ते काही महिन्यांत परत येतात. टकलाच्या प्रक्रियेत आधीच बारीक झालेले केस मात्र परततीलच असे नाही. ही शक्यता रुग्णाला शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगायला हवी.

गैरसमज: एकदा प्रत्यारोपण झाले की जन्माची काळजी मिटली.

वस्तुस्थिती: न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेन्ट्राइक यांनी 1959 मध्ये दाखवून दिले की केस नव्या जागी नेला तरी मूळ जागेचा गुणधर्म टिकवतो. म्हणूनच मागच्या भागातले चिवट केस पुढे आणल्यावरही टिकतात. पण तिथे आधीपासून असलेल्या केसांचे विरळ होणे थांबत नाही. त्यासाठी डॉक्टर मिनॉक्सिडिल किंवा पुरुषांना फिनास्टेराइड सुचवतात. ही औषधे स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत, आणि गर्भवतीने फिनास्टेराइड घेऊ नये. मागच्या केसांचा साठाही मर्यादित असतो. तिथून काढलेले मूळ पुन्हा उगवत नाही, म्हणून तो जपून वापरायला हवा.

गैरसमज: हे पार्लरमधल्यासारखे काम आहे, कुणीही केले तरी चालते.

वस्तुस्थिती: ही शस्त्रक्रियाच आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढून ती रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच करावी असे सांगितले. टाळूत छेद कोण देणार आणि तिसऱ्या आठवड्यात फोन केला तर कोण उचलणार, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधीच विचारावेत.

लग्नासाठी किंवा एखाद्या समारंभासाठी प्रत्यारोपण करायचे असेल तर किमान वर्षभर आधी करावे. रोज आरशासमोर उभे राहून केस मोजण्यापेक्षा महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढावा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डोके शस्त्रक्रियेआधीपेक्षाही विरळ दिसू शकते. नेमक्या त्याच काळात घाईने दुसरी शस्त्रक्रिया ठरवू नये. निकालाचा हिशेब वर्षाच्या शेवटी मांडावा.