अणुपाणबुडीचे दाते, नीरेकाठी

इंदापूर तालुक्यात नीरा नदीच्या काठी, उसाच्या मळ्यांत वालचंदनगर वसलं आहे. समुद्र इथून दूर. तरीही ‘अरिहंत’ या आपल्या पहिल्या स्वदेशी अणुपाणबुडीसाठी वाफेच्या टर्बाइनशी जोडलेली यंत्रणा इथल्याच वालचंदनगर इंडस्ट्रीजने पुरवली.

कारखाना मुळात साखरेचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1930च्या दशकात तो इथल्या माळरानावर उभारला. पुढे साखर कारखान्यांना लागणारी यंत्रंही इथेच घडू लागली. ऊस पिळणाऱ्या लाटांना फिरकी संथ लागते, पण जोर प्रचंड लागतो. तो जोर पेलणारे अजस्र गिअर घडवताना, त्यांचे दाते पाडताना इथल्या टर्नर-फिटरांचा हात बसला. मग सिमेंट, अणुऊर्जा, अवकाश अशी कामं येत गेली. उसाच्या गिरणीतून अणुपाणबुडीपर्यंत गेलेली ही वाट मला मराठी उद्योगातली सर्वांत अभिमानाची वाटते.

दात्यांना एवढं महत्त्व का? ‘अरिहंत’ची अणुभट्टी 83 मेगावॉटची, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेली. भट्टी स्वतः काही फिरवत नाही. ती दाबाखालचं पाणी तापवते, त्या उष्णतेने दुसऱ्या पाण्याची वाफ होते आणि वाफ टर्बाइनला गरगर फिरवते. पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. वेग वाढला की त्याच्या पात्यांवर बुडबुडे फुटतात आणि आवाज होतो. अशा पाणबुड्यांत या दोन वेगांचा मेळ सहसा गिअर घालतो. दात्यावर दाता केसभर चुकीचा बसला, तरी त्याची घरघर पाण्यातून दूरवर पोचते. क्षेपणास्त्रं घेऊन महिनोन्‌महिने दडून बसणं हेच जिचं काम, तिचा आवाज कुणी ऐकला की ती सापडली.

असे भाग एकदा घडवणं पुरत नाही, ते पुन्हा घडवता यायला हवेत. 1988 मध्ये सोव्हिएत संघाकडून ‘चक्रा’ ही अणुपाणबुडी भाड्याने आली आणि 1991 मध्ये परत गेली. खलाशी शिकले, पण पाणबुडी परक्याची होती. अशा बोटीचा सुटा भाग कुठल्या दुकानात मिळत नाही आणि दुसरा देश सहजी देतही नाही. मोठा भाग बदलायचा तर कधी कधी बोटीची पोलादी कायाच कापून पुन्हा जोडावी लागते. म्हणून तो पहिल्याच वेळी अचूक घडवायचा आणि वीस-तीस वर्षांनी पुन्हा हुबेहूब घडवता येईल अशी ड्रॉइंगं, साचे, मोजमापं आणि जाणते कारागीर राखायचे.

‘अरिहंत’ची काया लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याला बांधली, जोडणी विशाखापट्टणमला झाली. त्या बंदरातली गोदी 1941 मध्ये वालचंदांच्याच सिंदिया जहाज कंपनीने सुरू केली होती. 1948 मध्ये तिथून ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरलं, आणि 26 जुलै 2009 रोजी त्याच बंदरात ‘अरिहंत’.

29 ऑगस्ट 2024 रोजी ‘अरिहंत’च्याच जातीची ‘अरिघात’ नौदलात दाखल झाली. आता एकाहून अधिक बोटींचे भाग राखायचे आहेत. वालचंदनगरच्या जाणत्या हातांकडून काम शिकून घेणारी पोरं आजच भरती व्हायला हवीत. असा कारागीर घडायला बोट बांधण्याइतकीच वर्षं लागतात.