पंख्याचा रेग्युलेटर आणि जळालेली मोटर



तुमच्या देणगीतून आलेल्या लेथवर पाड्यावरची मुले आधी लाटणी करायला शिकली. मग पोळपाटांची ऑर्डर आली. तेवढ्याच फेऱ्यांवर दहा इंची पोळपाटाची कड दीड इंची लाटण्यापेक्षा साडेसहा पटीहून अधिक वेगाने फिरते. पटाशी अडकली, तर लाकूड उडून अंगावर येते. वेग कमी करायलाच हवा होता. मी म्हणालो, "पंख्याचा रेग्युलेटर लावून बघा." त्याच दुपारी मोटर जळाली. रिवाइंडिंग होईपर्यंत मुलांची तीन आठवड्यांची कमाई बुडाली. चूक माझी होती.

मोटर भरून देणाऱ्या मिस्त्रींनी मला कारण समजावले.

हातातल्या ड्रिलच्या मोटरला कार्बन ब्रश असतात. तिला मिळणारे व्होल्टेज कमी केले की वेग उतरतो. ड्रिलचा ट्रिगर हेच करतो. आमच्या लेथला मात्र इंडक्शन मोटर आहे. तिचा वेग मुख्यतः विजेची फ्रिक्वेन्सी आणि मोटरचे पोल यांवर ठरतो. आपल्याकडे 50 हर्ट्झवर चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे 1440 फेरे घेते. व्होल्टेज कमी केले की तिचा जोर घटतो, लाकडाचा भार तसाच राहतो, आणि मोटर तापते. वेग फार पडला, तर आतला स्विच फक्त सुरुवातीला लागणारे वाइंडिंग पुन्हा जोडतो; ते जळून जाते. पंख्याला रेग्युलेटर चालतो, कारण वेग घटला की त्याच्यावरचा हवेचा भारही घटतो.

आमचा उपाय साधा निघाला: पुली. मोटरवर तीन इंची आणि लेथवर सहा इंची पुली लावली की 1440 चे 720 फेरे होतात, शिवाय लेथला जोर जवळपास दुप्पट मिळतो. पट्टा बदलण्याआधी प्लग काढायचा, हा नियम मुलांनी भिंतीवर लिहिला आहे. थ्री-फेज मोटर असेल, तर व्हीएफडी नावाच्या यंत्राने फ्रिक्वेन्सी बदलून वेग कमी-जास्त करता येतो. पण त्याला खर्च अधिक.

एक विनंती. जुने यंत्र पाठवण्याआधी मोटरवरच्या पाटीचा फोटो आम्हाला पाठवा. फेज आणि आरपीएम कळले, की ते कोणत्या कामाला लावायचे हे आधीच ठरवता येईल.

पोळपाट आता तयार होत आहेत. मुलांना प्रार्थनेत आठवा.