फ्लाय मोठी, तर लीडर आखूड

फ्लाय फिशिंगमध्ये फेकायची असते ती दोरी; फ्लाय, म्हणजे गरीवर केस-पिसं बांधून केलेलं आमिष, नुसती तिच्यामागून जाते. आपल्याकडे गरीला शिसं बांधतात आणि ते शिसंच तंगूस ओढत नेतं. इथे वजन दोरीतच भरलेलं असतं: ८ नंबरच्या दोरीचा पहिला ३० फुटांचा भाग २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. दोरीच्या टोकापासून फ्लायपर्यंतचा निमुळता तुकडा म्हणजे लीडर. त्याचं जाड बूड दोरीकडे, मग उतार, आणि शेवटी बारीक टिपेट. पूर्वी तो रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथी ताणून करत, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉन आलं. इतिहास एवढा पुरे.

मोठी फ्लाय दोरीवरच गोळा होऊन पडली की दोष रॉडला दिला जातो आणि माणूस आणखी ताठ रॉड विकत घेतो. माझं म्हणणं असं की आधी लीडर तपासावा, आणि त्यातही तो किती कडक आहे यापेक्षा त्याचं वजन कुठे किती उतरतं ते पाहावं. फेकलेल्या दोरीचा वळसा हवेत उलगडत पुढे सरकतो. आसुडासारखीच गोष्ट: पुढचा भाग हलका होत जातो म्हणून उरलेला जोर टोकापर्यंत पोचतो. पण हा उतार एकाएकी आला तर वळसा तिथेच बिजागरीसारखा मोडतो. नायलॉनचा व्यास निम्मा केला की मीटरमागे वजन पावपट होतं आणि वाकण्याला होणारा विरोध तर सोळावा हिस्सा उरतो. ०.५३ मिलिमीटरच्या तंगुसाचा मीटरभर तुकडा पाव ग्रॅमच्या आसपास भरतो, ०.२८ मिलिमीटरचा जेमतेम ०.०७ ग्रॅम. त्या ०.०७ ग्रॅमने हाताएवढी लांब, केसाळ फ्लाय ओढायची. हवेचा विरोध तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा. मग टिपेटला पीळ बसतो यात नवल काय?

पॅरिसच्या रिट्झ हॉटेलवाल्यांचे चिरंजीव शार्ल रिट्झ यांचं सूत्र प्रसिद्ध आहे: ६० टक्के बूड, २० टक्के उतार, २० टक्के टिपेट. मोठ्या फ्लायसाठी मला यातलं लांब, वजनदार बूड पटतं. एकूण लांबी मात्र ९ फुटांवरून ६-७ फुटांवर आणावी आणि टिपेटही जाडच ठेवावा. बूड ताठ हवं, हा समज मात्र टाकावा. अमेरिकेचे फ्लाय फिशिंगचे शिक्षक लेफ्टी क्रे वजनदार पण लवचीक बुडाचा आग्रह धरत, आणि ते बरोबरच होतं. ताठ तंगूस दोरीबरोबर वळत नाही, त्यामुळे बिजागरी टळत नाही, फक्त दोरी आणि लीडरच्या गाठीपाशी सरकते.

जाड लीडर माशाला दिसेल, हा आक्षेप ट्राउटच्या संथ, नितळ पाण्यात खरा आहे. पाइक किंवा स्ट्राइप्ड बास मात्र पळत्या सावजावर झडप घालतो. तिथे तंगूस न्याहाळायला त्याला सवड नसते. उथळ, स्वच्छ समुद्रातल्या बोनफिशसाठी लांब लीडर लागतोच, पण तिथल्या फ्लायही लहान असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोरीच आणखी जड, १० नंबरची घ्या, प्रश्न मिटेल. जोर वाढेल हे कबूल, पण बिजागरी तिथेही राहते. बॉब क्लाउझर यांच्या, डंबेलच्या आकाराचे जड डोळे लावलेल्या ‘मिनो’सारखी वजनदार फ्लाय तर स्वतःच्या वजनानेच लीडर ताणते. तिला निमुळतेपणाची फारशी गरज नाही, मोठा, मोकळा वळसा हवा. बुडणाऱ्या दोरीला तर ४ फुटांचा सरळ एकजाड तुकडाही चालतो. म्हणजे लीडरची खरी कसोटी हलक्या पण फुगीर फ्लायपाशी लागते.

आणि तिथेच न्यू जर्सीच्या बॉब पोपोविक्स यांची कारागिरी मला सगळ्यात मोलाची वाटते. त्यांच्या ‘हॉलो फ्लाय’मध्ये हरणाच्या शेपटीचे केस टोकं पुढे करून बांधतात, मग मागे दाबून धाग्याने तसेच अडवून ठेवतात. केस मोजके, आत पोकळी, बाहेरून मात्र भरल्या अंगाचा मासा. मोठ्या फ्लायला एरवी लावतात ती सशाच्या कातडीची पट्टी पाणी पिऊन जड होते. हे केस पहिल्याच मागच्या झोक्यात पाणी झटकतात. हवेत फ्लाय दबून बारीक होते, पाण्यात पुन्हा फुगते. अशी फ्लाय बांधली तर तोच लीडर आणखी थोडा लांब ठेवता येतो.