अपघातानंतरची मानदुखी आणि पर्यायी उपचार : गैरसमज व वस्तुस्थिती

उभ्या मोटारीस मागून धडक बसली म्हणजे आतील माणसाचे धड आसनाबरोबर पुढे ढकलले जाते, मस्तक मात्र क्षणभर मागे राहून मग झटक्याने पुढे येते, आणि या हिसक्यात मानेचे स्नायू, अस्थिबंध व मणक्यांचे लहान सांधे दुखावतात. अनेकांचा हा मुका मार काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरतो. ज्यांचा तीन महिन्यांनंतरही ओसरत नाही, त्यांच्या वेदनेस वैद्यकशास्त्र चिरकालिक म्हणते, आणि हाच काळ रुग्णाने हाडवैद्यापासून ॲक्युपंक्चरपर्यंत एकेक दार ठोठावण्याचा, म्हणूनच नाना गैरसमजांना बळी पडण्याचाही असतो.

गैरसमज : एमआरआयमध्ये काही निघाले नाही, म्हणजे दुखणे मनाचे किंवा भरपाईसाठी केलेले सोंग.

वस्तुस्थिती : चित्रात अस्थिभंग दिसतो, वेदना दिसत नाही. दुखापत भरून आल्यावरही मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहू शकते, आणि पूर्वी न जाणवणारा स्पर्श वा हालचालही मग दुखू लागते. उलटपक्षी, २०१५ साली जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ व्यक्तींची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांपैकी ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील गाद्या फुगलेल्या आढळल्या. तेव्हा ‘गादी सरकली’ एवढ्या शेऱ्यावरून दुखण्याचे मूळ सापडले असे समजणे उतावीळपणाचे होय. मात्र १९८८च्या मोटार वाहन कायद्याखाली नुकसानभरपाईचा दावा दाखल करावयाचा असेल, तर वेदना डोळ्यांस दिसत नसल्यामुळेच प्रत्येक तपासणीचा दाखला, औषधाची पावती व कामावरील रजेचे दस्तऐवज तारीखवार जपून ठेवावेत.

गैरसमज : मान जितकी जखडून ठेवावी तितकी ती लवकर बरी होते.

वस्तुस्थिती : अस्थिभंग वा सांध्याची अस्थिरता असेल तेथे मानेचा पट्टा अनिवार्यच, परंतु तशी इजा नसताना तो महिनोन्‌महिने वापरल्यास स्नायू दुबळे होतात आणि ताठरपणा वाढतो. अशा दुखापतींचा अभ्यास करण्यासाठी कॅनडातील क्वेबेक प्रांतात नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने १९९५ सालच्या अहवालात नेहमीच्या व्यवहारांकडे लवकर परतण्यावरच भर दिला होता.

गैरसमज : मान मोडताना ‘कट्’ असा आवाज झाला की सरकलेले हाड जागेवर बसले.

वस्तुस्थिती : तो आवाज हाडाचा नसून सांध्यातील द्रवावरचा दाब एकाएकी उतरल्याने तेथे वायूची पोकळी निर्माण होते, तिचा असतो. कुशल हातांनी काहींना तात्पुरता आराम मिळतो हे नाकारता येत नाही. तथापि मानेस दिलेल्या जोरदार झटक्याने मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे, विरळ का होईना, वैद्यकीय दप्तरी नमूद आहेत. यास्तव अपघातग्रस्त मान डॉक्टरांच्या तपासणीविना कोणाच्याही हाती देऊ नये.

गैरसमज : ॲक्युपंक्चर एक तर रामबाण, नाही तर निव्वळ थोतांड.

वस्तुस्थिती : सत्य या दोन टोकांच्या मध्ये आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, जर्मनीतील चिरकालिक कंबरदुखीच्या प्रयोगात ॲक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के आणि रूढ उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना सुधारणा जाणवली. परंतु परंपरेतील बिंदू सोडून भलत्याच ठिकाणी वरवर सुया टोचलेल्या तिसऱ्या गटातही हे प्रमाण ४४.२ टक्के निघाले. आराम खरा होता. त्याचे श्रेय नेमक्या बिंदूंना देण्यास मात्र हा पुरावा अपुरा पडतो.

गैरसमज : जडीबुटी व भस्मे नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी.

वस्तुस्थिती : २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची परीक्षा प्रसिद्ध झाली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक सापडले. घटक, उत्पादक व परवाना क्रमांक छापलेला नसलेली पुडी, ती कितीही गुणकारी सांगितली जावो, घेऊ नये.

गैरसमज : बैठका जितक्या अधिक, तितका गुण अधिक.

वस्तुस्थिती : २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलियातील १७२ चिरकालिक रुग्णांवरील प्रयोगात व्यायामोपचाराच्या वीस बैठका आणि एका भेटीत समजावून दिलेला सल्ला व दूरध्वनीवरील मार्गदर्शन, यांच्या फळात लक्षणीय अंतर पडले नाही. आगाऊ पैसे भरून बैठकांचा संच विकत घेण्यापूर्वी याचा विचार अवश्य व्हावा.

मालिश, शेक, योगासने, ॲक्युपंक्चर यांपैकी कशानेही उतार पडत असेल तर त्याचा लाभ घ्यावा. परंतु कोणत्याही पद्धतीची पारख तिच्या प्राचीनतेवरून वा नवलाईवरून न करता, तिच्यामुळे आपण पूर्वीपेक्षा अधिक चालू, झोपू व काम करू लागलो की नाही, एवढ्यावरूनच करावी. आणि हातापायांत बधिरता वा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरील ताबा सुटला, बोलणे अडखळू लागले किंवा पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी एकाएकी उद्भवली, तर सर्व पर्यायी उपचार त्या क्षणी थांबवून तडक रुग्णालय गाठावे.